शेजारच्या आजींच्या कपाटातल्या तीन लिव्हर-ॲक्शन रायफली : ओळख पटवायला मदत हवी

पानगळ | शनिवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. मी उत्तर पेनसिल्व्हेनियात राहतो. शेजारच्या आजोबांना जाऊन दीड वर्ष झालं. त्यांच्यामुळेच मी शिकारीचं प्रशिक्षण घेतलं, परवाना काढला आणि पाच हंगाम त्यांच्याबरोबर ओकच्या रानात हरणांच्या वाटेवर बसलो. आजी आता ८४ वर्षांच्या आहेत आणि घर आवरायला काढलंय. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "या तीन रायफली काय आहेत ते नीट लिहून दे. मुलांना वाटून द्यायच्या की विकायच्या ते मग ठरवू."

तिन्हींचा लिव्हर (चापाभोवतीची कडी, ती खाली-वर केली की पुढचं काडतूस भरलं जातं) खाली करून चेंबर (काडतूस बसतं ती नळीची मागची जागा) आणि मॅगझिन (काडतुसांचा साठा) रिकामं असल्याची आधी खात्री केली, नळीत बोट घालून आणि टॉर्च मारूनही. मग जे दिसलं ते असं :

पहिली. बाहेर घोडा (चाप ओढला की आपटणारा हातोडा) आहे. रिसीव्हरचा (सगळी यंत्रणा असलेल्या मधल्या पोलादी भागाचा) माथा उघडा आहे. लिव्हर खाली केला की रिसीव्हरचा तळच एका पट्टीसारखा खाली उतरतो. नळी २० इंची, तिच्याखाली तेवढीच लांब मॅगझिनची नळी. नळीवर विंचेस्टर, मॉडेल ९४ आणि काडतुसाचं नाव ३० डब्ल्यूसीएफ (विंचेस्टर सेंटर फायर) अशी अक्षरं. सिरियल नंबर तेरा लाखांच्या घरात. रिसीव्हरखाली, जिथे हातात तोलून धरतात तिथे, निळी झिलई पूर्ण जाऊन चांदीसारखं पोलाद दिसतंय.

दुसरी. हिलाही बाहेर घोडा आहे, पण माथा बंद. उजव्या कुशीला खिडकी. मार्लिन ३३६, काडतूस .३५ रेमिंग्टन. नंबरचे पहिले दोन आकडे २५.

तिसरी सगळ्यात वेगळी. घोडाच नाही, नळीखाली मॅगझिनही नाही. रिसीव्हर गुळगुळीत, पोटाशी गोलसर. डाव्या बाजूला एक बारीकसं भोक आहे आणि आत पितळेवर आकडा दिसतो. नळीवर 'सॅव्हेज आर्म्स कंपनी, युटिका' आणि .३०३ सॅव्हेज.

खणात काडतुसांच्या चार पेट्या आहेत. त्यातल्या एकीवर .३०३ ब्रिटिश लिहिलंय, बहुधा तिसरीची असावी. जाणकारांनी सांगावं.


ऐरण | शनिवार, रात्री ९.४८

पानगळ, सगळ्यात आधी : ती .३०३ ब्रिटिशची पेटी सॅव्हेजजवळून उचला आणि दुसऱ्या खोलीत ठेवा. दोन्हींच्या नावात ३०३ असलं तरी ती दोन वेगळी काडतुसं आहेत. पितळी केसची (काडतुसाच्या कवचाची) लांबी वेगळी, आकार वेगळा, गोळीचा व्यासही वेगळा. एकाचं दुसऱ्यात कधीही चालत नाही. .३०३ सॅव्हेजची नवी काडतुसं आता दुकानात सहसा दिसत नाहीत, त्यामुळे "हेच असेल" म्हणून लोक ही चूक करतात. जुन्या रायफलीच्या नळीवर जे कोरलंय ते एका कागदावर लिहा, पेटीवर जे छापलंय ते शेजारी लिहा, आणि अक्षर न् अक्षर जुळलं तरच पुढे जा. चेंबरबद्दल शंका असली तर बंदूक दुरुस्त करणारा त्याचा साचा काढून नेमकं सांगू शकतो.

बाकीचं सविस्तर उद्या लिहितो. तीनही रायफली सुंदर आहेत. एक विनंती : कशालाही पॉलिश लावू नका.


सरवा | शनिवार, रात्री १०.०५

वाखुसा (वाचनखूण साठवली). वाचतोय.


ऐरण | रविवार, सकाळी ७.३०

मी ओहायोत ३१ वर्षं टूलरूममध्ये काढली. त्याआधी पिंपरीत. त्यामुळे मी रायफलीकडे आधी यंत्र म्हणून बघतो.

तुमची पहिली. जॉन ब्राउनिंगने १८९४ साली आखलेलं हे मॉडेल. सुरुवातीला ते .३२-४० आणि .३८-५५ या काळ्या दारूच्या काडतुसांसाठी निघालं. १८९५ मध्ये निकेल-पोलादाची नळी आली आणि तिच्याबरोबर बिनधुराच्या दारूचं .३० डब्ल्यूसीएफ. त्यालाच जग आज .३०-३० म्हणतं. हे दुसरं नाव मार्लिनच्या बाजूने रुळलं, कारण प्रतिस्पर्ध्याचं नाव आपल्या नळीवर कोण कोरणार? तेव्हा तुमच्या नळीवर ३० डब्ल्यूसीएफ आहे म्हणून घाबरू नका, काडतूस तेच.

ओळखण्याची खरी खूण तुम्हीच लिहिली आहे : लिव्हरबरोबर खाली उतरणारा तळ. थोरलं १८८६ आणि धाकटं १८९२ ही विंचेस्टर मॉडेलंसुद्धा ब्राउनिंगचीच अपत्यं, पण त्यांच्यात दोन उभे खिळे बोल्टच्या (चेंबर मागून बंद करणाऱ्या सरकत्या तुकड्याच्या) दोन्ही कुशींना वर सरकून कुलूप लावतात आणि ते वरून दिसतात. ९४ मध्ये बोल्टच्या मागे एकच रुंद ठोकळा वर येतो. लांबट काडतूस सामावायचं तर लिव्हरला जास्त पल्ला हवा, म्हणून तळाची पट्टी तिच्याबरोबर खाली येते. एका जोडपट्टीने किती प्रश्न सोडवला बघा. मी पहिल्यांदा ९४ उघडली तेव्हा रात्री एक वाजेपर्यंत तो लिव्हर सावकाश वरखाली करत बसलो होतो.

लोक 'चौसष्टच्या आधीची' असं का म्हणतात तेही सांगतो, कारण किंमत तिथेच ठरते. १९६४ साली खर्च कमी करायला घडण बदलली. आधी काडतूस उचलणारा तुकडा सबंध पोलादातून कातलेला असे, तो पत्र्याचा दाबीव झाला. काही स्क्रूंच्या जागी पोकळ पिना आल्या. रिसीव्हरची धातू अशी आली की तिच्यावर नेहमीची निळी झिलई धरेना, वेगळा मुलामा द्यावा लागला. सीमारेषा म्हणून २७ लाख हा सिरियल नंबर लक्षात ठेवा, त्याखालच्या सगळ्या जुन्या घडणीच्या. तुमची तेरा लाखांची म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या वर्षांतली. एकूण सत्तर लाखांहून जास्त ९४ बनल्या, त्यामुळे दुर्मिळ नाही. पण कातीव पोलादाच्या ९४ चा लिव्हर बंद होताना जो भरीव आवाज येतो तो ऐका. पत्र्याचा उचलक असलेलीचा आवाज वेगळा आहे, डोळे मिटून ओळखू येतो.

मार्लिनचं सोपं. त्या काळात कंपनी सालाचा आकडा शंभरातून वजा करून नंबराच्या सुरुवातीला घालत असे. १०० उणे २५, म्हणजे १९७५. रिसीव्हरजवळ नळीवर बारीक 'जेएम' (जॉन मार्लिन) शिक्का सापडेल आणि दस्त्याच्या (खांद्याला टेकणाऱ्या लाकडाच्या) खालच्या कडेला काळा-पांढरा गोल ठिपका. सेफ्टीचं आडवं बटण नसणार, ते १९८० च्या दशकात आलं. माथा बंद आणि रिकामं केस उजवीकडे फेकलं जातं म्हणून या रायफलीवर दुर्बीण सरळ मधोमध बसते. जुन्या ९४ वर केस वर उडतं, तिथे दुर्बीण बसवायची म्हणजे खटाटोप.


रानवाट | रविवार, दुपारी १२.१५

ऐरणदादा, सुरेख. सॅव्हेजबद्दल मी लिहिते, कारण माझ्या कपाटात सॅव्हेजचंच एक मॉडेल ९९ आहे. मी ब्रिटिश कोलंबियात असते.

आर्थर सॅव्हेज जमैकात जन्मला आणि कारखाना त्याने न्यूयॉर्क राज्यातल्या युटिकात काढला. नळीखाली लांब मॅगझिन असलं की काडतुसं एकामागे एक आडवी पडतात आणि एकीच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर (बुडाच्या, बार पेटवणाऱ्या टोपीवर) टेकतं. टोक अणकुचीदार असेल तर धक्क्याने आतच बार उडण्याची भीती, म्हणून .३०-३० च्या गोळ्या चपट्या नाकाच्या. सॅव्हेजने रिसीव्हरच्या पोटात फिरती चकरी ठेवली. पाच काडतुसं रहाटाच्या पोहऱ्यांसारखी तिच्या खाचांत बसतात, एकमेकांना टोचत नाहीत. म्हणून हिला टोकदार, लांब पल्ल्याची गोळी चालते. १९१५ साली चार्ल्स न्यूटनने आखलेलं .२५०-३००० याच रायफलीसाठी आलं. नावातले ३००० म्हणजे सेकंदाला तीन हजार फूट वेग.

डाव्या भोकातला पितळेवरचा आकडा म्हणजे आत किती काडतुसं शिल्लक आहेत त्याचा. चकरीवरच आकडे कोरलेत, ती फिरली की आकडा बदलतो. नळीवर 'कंपनी' आहे की 'कॉर्पोरेशन' ते पुन्हा एकदा बघाल का? १९१७ पासून कॉर्पोरेशन झालं. 'कंपनी' असेल तर तुमची त्याआधीची, म्हणजे शंभरीपार.

आणि त्या विंचेस्टरचे जवळून फोटो टाका ना. डावी बाजू आणि दस्ता.


टिपूर | रविवार, दुपारी ३.४०

सगळे फार आत्मीयतेने लिहिताय, म्हणूनच विचारते. शेवटी हे जीव घेण्याचं साधन आहे. त्याच्या जोडपट्टीचं आणि आवाजाचं कौतुक करताना कुठेतरी टोचत नाही का? मी चिडून विचारत नाहीये. मला खरंच समजून घ्यायचंय.


पानगळ | रविवार, संध्याकाळी ६.२०

टिपूरताई, टोचतं. पहिलं हरीण पडलं तेव्हा मी त्याच्याजवळ बराच वेळ बसून होतो आणि आजोबा काही बोलले नाहीत. फक्त टोपी काढून उभे राहिले.

इथे लांडगे उरलेले नाहीत. हरणं वाढली की कोवळी ओकची रोपं खाऊन टाकतात आणि रान पुढच्या पिढीला उभंच राहत नाही. म्हणून राज्य परवाने मोजून देतं. आमच्याकडे थँक्सगिव्हिंगनंतरचा सोमवार हा पिढ्यान् पिढ्या हंगामाचा पहिला दिवस होता, शाळांना सुट्टी असायची. २०१९ पासून तो शनिवारी आला. एका हरणाचं मांस आमच्या दोन घरांना हिवाळाभर पुरतं. 'हंटर्स शेअरिंग द हार्वेस्ट' नावाचा उपक्रम इथे १९९१ पासून चालू आहे, जास्तीचं मांस त्यामार्फत गरजू घरांच्या ताटात जातं. आजोबा दर वर्षी एक हरीण तिकडे देत.

लिव्हर-ॲक्शनच का, याचंही कारण इथल्या नियमात आहे. पेनसिल्व्हेनियात हरणासाठी अर्धस्वयंचलित रायफल चालत नाही. दाट झाडीत पन्नास-साठ पावलांवर क्षणभर दिसणाऱ्या हरणासाठी आखूड, हलकी, चटकन खांद्याला येणारी रायफल हवी. आजोबा मात्र म्हणत की पहिल्याच गोळीत काम झालं नाही तर चूक आपली, लिव्हर वेगाने चालवता येतो म्हणून घाईने बार काढू नये.

रानवाट, 'कंपनी'च आहे. फोटो रात्री टाकतो.


टिपूर | रविवार, संध्याकाळी ७.०५

इतक्या नीट उत्तराबद्दल आभार. माझं मत अजून तिथेच आहे, पण टोपी काढून उभं राहिलेलं माणूस डोळ्यांसमोर आलं. पुढे वाचते आहे.


वडाची_पारंबी | रविवार, रात्री ८.३०

धाग्याला थोडा भारतातला धागा जोडते. माझे आजोबा चंद्रपूरकडे जंगल ठेकेदाराकडे हिशेबनीस होते. त्यांच्याकडे रायफल कधीच नव्हती. होतं ते एक रिकामं, लांब, कडा असलेलं पितळी काडतूस. लिहिण्याच्या मेजावर त्यात ते टाक उभा ठेवत. बुडाशी ४०५ डब्ल्यूसीएफ अशी अक्षरं. ठेकेदाराकडे आलेल्या कुणा पाहुण्याने दिलेलं, एवढंच ते सांगत.

पुढे कळलं की .४०५ हे विंचेस्टरच्या १८९५ मॉडेलचं काडतूस. हेही ब्राउनिंगचंच, पण नळीखालचं मॅगझिन नाही. चापाच्या पुढे पेटी आहे आणि काडतुसं एकावर एक रचलेली. थिओडोर रूझवेल्टने १९०९ च्या आफ्रिकेच्या सफरीत हीच नेली आणि सिंहासाठीचं आपलं 'रामबाण औषध' अशा अर्थाने तिचं कौतुक केलं. आपल्याकडे बंगळूरचे शिकारी-लेखक केनेथ अँडरसन यांच्या हातात वर्षानुवर्षं .४०५ विंचेस्टर होती. दक्षिणेतल्या नरभक्षकांमागे ते हीच घेऊन फिरले. दुसरीकडे रशियाने पहिल्या महायुद्धात याच मॉडेलच्या जवळपास तीन लाख रायफली आपल्या काडतुसासाठी बनवून घेतल्या होत्या.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर आपल्याकडची शिकार संपली, आणि ते योग्यच झालं असं मला मनापासून वाटतं. ते पितळ मात्र माझ्या टेबलावर आहे. आजोबांनी ते कधी घासलं नाही, मीही घासत नाही.


ऐरण | रविवार, रात्री ९.१५

पारंबीताई, शेवटचं वाक्य वाचून मला जुनी जखम आठवली, ती सांगतोच.

माझ्या हाती एकदा १८९२ मॉडेलची एक कार्बाइन (आखूड रायफल) आली होती. अष्टकोनी नव्हे, गोल नळी, डाव्या कुशीला खोगिराची कडी. तपकिरी पडलेली, दस्त्यावर चरे. तेव्हा मला अक्कल नव्हती. एका दुकानात नव्यासारखी करायला दिली. त्यांनी बफच्या चाकावर धरून इतकी चकचकीत केली की रिसीव्हरच्या धारदार कडा साबणाच्या वडीसारख्या गोल झाल्या, अक्षरं अर्धी पुसली, स्क्रूंभोवती खड्डे पडले. त्यावर गडद निळी झिलई. दस्ता तासल्यामुळे लाकूड धातूच्या पातळीखाली गेलं. शंभर वर्षं जे टिकलं होतं ते एका दुपारीत गेलं. किंमत निम्म्याहून कमी झाली, पण त्याचं मला एवढं नाही. कुणाच्या तरी खोगिराच्या कडीने त्या पोलादावर अर्धचंद्राकृती चरा पाडला होता, तो गेला.

म्हणून जुनी रायफल बघताना मी आता याच गोष्टी बघतो. कडा तीक्ष्ण आहेत का? अक्षरांच्या तळाशी झिलई आणि माथ्यावर नाही, अशी नैसर्गिक झीज आहे का? लाकूड धातूपेक्षा केसभर वर आहे का? कारखान्यातून ते तसंच निघतं. स्क्रूच्या खाचा कुरतडलेल्या आहेत का? विंचेस्टर असेल तर नळी आणि रिसीव्हर दोन्हींवर अंडाकृतीत डब्ल्यूपी (विंचेस्टर प्रूफ) असा चाचणीचा शिक्का आहे का? तो १९०५ पासूनचा. एकीवर असून दुसरीवर नसेल तर नळी नंतर बदललेली असू शकते. पानगळ, तुमच्या ९४ च्या पोटाखालची चांदी म्हणजे आजोबांच्या तळहाताची झीज आहे. हलकं तेल, मऊ फडकं, बस्स.


दप्तरदार | रविवार, रात्री १०.२०

ऐरणकाकांच्या म्हणण्याला जोड देणारी खरी घटना सांगतो. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये नेवाडातल्या ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानात पुरातत्त्वाचं काम करणाऱ्यांना जुनिपरच्या झाडाला टेकून ठेवलेली एक रायफल दिसली. दस्त्याचं बूड मातीत रुतलेलं, लाकूड उन्हापावसाने चिरलेलं आणि झाडाच्या खोडासारखंच राखाडी झालेलं. विंचेस्टर १८७३. सिरियल नंबर शाबूत होता.

वायोमिंगमधल्या कोडी गावच्या बंदूक संग्रहालयात विंचेस्टरच्या कारखान्याच्या जुन्या वह्या आहेत. त्यात तो नंबर सापडला : १८८२ साली बनून बाहेर पडली. कुणाला विकली ते मात्र लिहिलेलं नव्हतं. संग्रहालयाने ती गावच्या रुग्णालयात नेऊन तिचा एक्स-रे काढला. नळी रिकामी होती, पण दस्त्याच्या बुडातल्या कप्प्यात एक काडतूस निघालं. तिला नवी केली नाही. लाकूड आणखी सुटू नये एवढाच उपचार करून जशी सापडली तशी उद्यानाकडे परत पाठवली. कुणी टेकवून ठेवली आणि तो परत का आला नाही, याचा पत्ता नाही.

पानगळ, त्याच वह्यांवरून कोडीचं संग्रहालय पत्र देतं. पण १८९४ मॉडेलची नोंद ३,५३,९९९ या नंबरापर्यंतच आहे. तुमच्या तेरा लाखांवालीला पत्र मिळणार नाही. तिचं जे काही सांगायचं ते तिच्या अंगावरच शोधावं लागेल.


पानगळ | रविवार, रात्री ११.०२

फोटो टाकलेत. विंचेस्टरच्या रिसीव्हरवर एक बारीक खूण आहे, आधी मला ओरखडा वाटला होता. भिंगातून बघितलं तर इंग्रजी 'सी' अक्षर आहे आणि त्याच्या पोटात बाणाचं टोक. दस्त्यावरही तशीच, पुसट. पट्टा अडकवायच्या कड्याही आहेत.


रानवाट | सोमवार, पहाटे ५.५०

पानगळ!! फोटो बघून झोप उडाली. याचसाठी मी डावी बाजू आणि दस्ता मागितला होता.

'सी'च्या पोटातला बाण म्हणजे कॅनडा सरकारच्या मालकीची खूण. १९४२ मध्ये जपानी उतरतील या भीतीने आमच्या ब्रिटिश कोलंबियात 'पॅसिफिक कोस्ट मिलिशिया रेंजर्स' उभी राहिली. लाकूडतोडे, सापळे लावणारे, कोळी, गुराखी, वयामुळे किंवा कामामुळे सैन्यात न गेलेले असे सुमारे पंधरा हजार लोक. पगार नाही. आपापल्या खोऱ्यातली वाट न् वाट त्यांना पाठ. सैन्याच्या रायफली युरोपात हव्या होत्या, म्हणून सरकारने शिकारीच्याच लिव्हर-ॲक्शन विकत घेतल्या, विंचेस्टर ९४ आणि मार्लिन. त्यांवर ही खूण मारली. पट्ट्याच्या कड्या त्याच कामासाठी. तेरा लाखांच्या आसपासचे नंबर याच खेपेशी जुळतात.

१९४५ मध्ये दल विसर्जित झालं तेव्हा रेंजर्सना आपली रायफल पाच डॉलर देऊन ठेवून घेता आली. म्हणून आमच्याकडे अजूनही एखाद्या खेड्यातल्या घरात ती निघते. तुमच्याकडे पेनसिल्व्हेनियात कशी आली ते आजींना विचारा. आणि हा शिक्का आहे म्हणून तर मुळीच घासू नका.


पानगळ | सोमवार, रात्री ८.४५

आज आजींना रानवाटचा प्रतिसाद इंग्रजीत सांगितला. त्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, आजोबांचे थोरले काका तरुणपणी लाकूडकामासाठी पश्चिमेकडे कॅनडात गेले होते. म्हातारपणी परत आले ते एका ट्रंकेसह. रायफल त्यांची. आजोबांना ती सोळाव्या वर्षी मिळाली. काका रेंजर होते हे या घरात कुणाला ठाऊकच नव्हतं. ते फक्त म्हणायचे, "मी डोंगर राखले." सगळ्यांना वाटे, वणवे विझवायचं काम असेल.

विंचेस्टर विकायची नाही असं ठरलंय. धाकट्या नातीने यंदा परवाना काढलाय, तिला ती हवी आहे. मार्लिन मुलाकडे जाईल. सॅव्हेजचा निर्णय झालेला नाही, आधी जाणकार दुरुस्तीवाल्याकडून चेंबर तपासून घेऊ. .३०३ ब्रिटिशची पेटी मी आजींच्या परवानगीने बाजूला काढून वर लाल शाईने लिहिलंय.

आजींनी मला यादीसाठी एक वही दिली आहे. पहिल्या पानावर विंचेस्टरचा नंबर, नळीवरची अक्षरं, दोन्ही खुणांचं चित्र आणि काकांचं नाव. पोटाखालची चांदी कशाने झाली तेही लिहायला त्यांनी सांगितलं.


रानवाट | सोमवार, रात्री ९.२०

डोळ्यांत पाणी आलं. वहीत पट्ट्याच्या कड्यांची मापंही लिहून ठेवाल का? दस्त्यावरच्या खुणेचा फोटो तिरप्या उजेडात घेतला तर जास्त स्पष्ट येईल.


पानगळ | सोमवार, रात्री ९.२६

उद्या सकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात पूर्वेचं ऊन येतं, तेव्हा काढतो.